लक्षद्वीपला जायचं तर कागद आधी, बॅग नंतर

नकाशावर अगत्ती बेट मुंबईच्या जवळजवळ सरळ खाली येतं. नवी मुंबईहून नाकासमोर दक्षिणेला निघालं की आलंच, असं नकाशा सांगतो. प्रत्यक्षात मात्र आधी कोचीला जावं लागतं आणि त्याच्याही आधी आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात. लक्षद्वीप भारतातच असलं तरी तिथे बाहेरच्या भारतीयाला प्रवेशाचं परमिट लागतं. १९६७ च्या नियमांपासून हे चालत आलं आहे. मूळ रहिवासी जवळपास सगळे अनुसूचित जमातीत मोडतात. छत्तीस बेटं, त्यातली दहाच वस्तीची आणि सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत किती माणसं उतरू द्यायची, याचा हिशोब कुणीतरी ठेवायलाच हवा.

आम्ही दोघं फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच रात्री अगत्तीला राहून आलो. कागदपत्रांना नोव्हेंबरमध्येच हात घातला होता. सगळी गोम क्रमात आहे. बहुतेक जण आधी स्वस्तातलं विमान पकडतात, मग राहायची जागा शोधतात आणि शेवटी परमिटच्या मागे धावतात. हा क्रम उलटा करायचा: पोलिसांचं प्रमाणपत्र, मग यजमान, मग परमिट, मग विमान. विमानाचं तिकीट महाग असतं आणि रद्द केलं तर हातात फारसं काही उरत नाही.

११ नोव्हेंबर २०२४ ला पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटचा, म्हणजे पीसीसीचा अर्ज भरला. पहिला गोंधळ इथेच होतो. पासपोर्ट सेवेच्या साइटवरही पीसीसी मिळतं, त्याचे ५०० रुपये पडतात, पण ते परदेशी नोकरी-व्हिसासाठी. आपल्याला हवं ते स्थानिक पोलिसांचं चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र. महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून त्याचा अर्ज होतो: नोंदणी, माहिती, कागद अपलोड, शुल्क आणि मग ठाण्यातून बोलावणं. नवरा-बायको असलात तरी अर्ज दोन, शुल्क दोनदा.

अर्जात आयुक्तालय निवडताना थांबून वाचा. वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात आहेत, पण पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं. खारघर-पनवेल रायगड जिल्ह्यात, तरी आयुक्तालय नवी मुंबईचंच. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात, पण २०२० पासून त्यांचं आयुक्तालय वेगळं. जिल्हा बघून निवडलं की अर्ज भलत्याच टेबलावर जाऊन पडतो.

कागद असे लागले: आधार, पॅन, फोटो, जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. आधारवर गावचा पत्ता असेल तर इथला पुरावा वेगळा द्यावा लागतो. भाड्याच्या घरात असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार जोडा, साध्या स्टॅम्पपेपरवरचा चालेल या भरवशावर राहू नका. कराराची मुदत संपत आली असेल तर आधी तो वाढवून घ्या.

आमचं अडलं ते नावात. लग्नानंतर आधार बदललेलं, पॅनवर मात्र माहेरचंच नाव. अर्जात एक, पॅनवर दुसरं. घराघरातली गोष्ट आहे ही. दोन उपाय आहेत: लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र सोबत जोडायचं, किंवा जुन्या नावाचा कागद अर्जात वापरायचाच नाही. आम्ही विवाह प्रमाणपत्र जोडून पुन्हा अपलोड केलं, त्यात तीन दिवस गेले. इथून पुढे पीसीसी, परमिट, विमान, जहाज या सगळीकडे आधारवरचं नाव अक्षर न अक्षर तेच लिहायचं. मधलं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे फक्त आद्याक्षर, असंही नको.

मग शांतता. अर्ज केला त्याच महिन्यात, २० नोव्हेंबरला, विधानसभेचं मतदान होतं आणि २३ ला मोजणी. ठाण्यातलं मनुष्यबळ बंदोबस्तात अडकलेलं होतं. निवडणूक, गणपती, नवरात्र असे दिवस मध्ये येत असतील तर पीसीसीला पंधरा दिवस जास्तीचे धरा. २६ ला फोन आला. मूळ कागद आणि झेरॉक्सचा एक संच घेऊन गेलो. पडताळणीचं काम बघणारं टेबल वेगळं असतं, दारातल्या ठाणे अंमलदाराला ‘चारित्र्य पडताळणी’ एवढं म्हटलं की तो बरोबर जागी पाठवतो. विचारतात ते साधंच: इथे किती वर्षं राहता, नोकरी कुठे, कशासाठी हवंय. ‘लक्षद्वीप’ म्हटल्यावर टेबलामागच्या हवालदारसाहेबांनी मान वर करून विचारलं, “तिथं जायला हे लागतं?” लागतं. ४ डिसेंबरला दोन्ही प्रमाणपत्रं डाउनलोड झाली. पीडीएफ मोबाइलमध्ये ठेवा आणि चार छापील प्रतीही काढा.

आता यजमान. पर्यटकाला लक्षद्वीपला तीन वाटांनी जाता येतं: प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेची जहाजाची सहल, नोंदणीकृत टूरवाल्याचं पॅकेज किंवा बेटावरचा होमस्टे. जहाजाच्या सहलीत दिवसा बेट आणि रात्री जहाज असं चालतं. ती बघायला चांगली, पण दोघांना निवांत पडून राहायचं असेल तर एका बेटावर मुक्काम हवा. निवडीचा विचार थोडक्यात सांगतो. विमानतळ फक्त अगत्तीला. बंगारम हे रिसॉर्टचं बेट, अख्ख्या लक्षद्वीपमध्ये दारू मिळते ती तिथेच आणि दर त्या मानाने. कदमतला लगून (पोवळ्यांच्या कड्याआतलं उथळ, शांत पाणी) सुंदर, पण अगत्तीहून पुढे पुन्हा बोट. आम्ही अगत्तीतला होमस्टे घेतला. ठरवण्याआधी यजमानाला तीन प्रश्न विचारा: नोंदणी आहे का, परमिटचा अर्ज तुम्ही भरणार की आम्ही आणि परमिट नाकारलं गेलं तर आगाऊ रकमेचं काय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या.

परमिटचा अर्ज ६ डिसेंबरला यजमानांमार्फत ऑनलाइन गेला. माणशी ५० रुपये अर्जाचे आणि अठरा वर्षांवरच्यांना २०० रुपये हेरिटेज फी, म्हणजे दोघांचे ५००. सोबत आधार, फोटो, पीसीसी. एक गोष्ट अर्जातच करून घ्या: अगत्तीबरोबर बंगारम आणि तिन्नकरा ही नावंही लिहून घ्या. परमिटवर बेटांची नावं येतात. जे बेट लिहिलेलं नाही तिथे ‘एका दिवसासाठीच तर जायचंय’ हे चालत नाही. परमिट यायला तीन आठवडे लागले, २७ डिसेंबरला आलं. या तीन आठवड्यांत करण्यासारखं काही नसतं. यजमानांना रोज फोन केल्याने ते लवकर येत नाही, हे अनुभवाने सांगतो.

रेल्वेचं तिकीट मात्र परमिटची वाट न बघता काढलं, कारण ते रद्द केलं तरी नुकसान थोडं. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होते. ८ फेब्रुवारीला निघायचं म्हणून १० डिसेंबरला सकाळी तिकीट काढलं. गाडीचं नाव मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस. दिल्लीहून निघून कल्याण, पनवेल, कोकण रेल्वे करत एर्नाकुलमला थांबते, लक्षद्वीपला अर्थातच जात नाही. पनवेलहून जवळपास चोवीस तास. ठाणेकरांना नेत्रावती सोयीची, ती ठाण्याला आणि पनवेलला, दोन्हीकडे थांबते. कोची–अगत्ती विमान परमिट हातात आल्यावर २८ डिसेंबरला काढलं, एकाच बाजूचं. येताना जहाज. त्याची कारणं पुढे येतील.

तारखा ठरवताना दोन कॅलेंडरं बघा. एक रमजानचं: २०२५ मध्ये तो मार्चच्या सुरुवातीला लागणार होता. बेटांवर जवळपास सगळी मुस्लिम वस्ती आहे, त्यामुळे त्या महिन्यात दिवसा बाहेर खायला मिळणं अवघड. दुसरं तिथींचं. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान. उधाणाच्या दिवसांत भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, आणि उथळ लगूनमध्ये ओहोटीला कयाक पोवळ्यांवर घासते. आम्ही १० ते १५ फेब्रुवारी धरलं आणि १२ ला पौर्णिमा होती, म्हणजे या बाबतीत आमचं गणित चुकलंच. चांदणं बाकी फुकट मिळालं. एकूण हंगाम ऑक्टोबर ते मेचा पूर्वार्ध, त्यातही समुद्र शांत डिसेंबर ते मार्च.

बॅगेत काय, हे थोडं सविस्तर, कारण बेटावर विसरलेली वस्तू मिळेलच असं नाही. पाण्यात चालायला जाड तळाचे रबरी बूट, पोवळ्याचा ओरखडा लवकर भरत नाही. पूर्ण बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट, कारण स्नॉर्केलिंग करताना चेहरा पाण्यात आणि पाठ दोन तास उन्हात असते. अ‍ॅव्होमिन, ओआरएस, जखमेचं मलम. रोख रक्कम: यूपीआय चालतं, कोचीहून समुद्राखालची केबल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून नेट सुधारलंय, पण बोटवाला रोखच मागतो. शाकाहारी असाल तर मेतकूट, लोणचं, थालीपिठाची भाजणी घ्याच. भाजीपाला जहाजाने येतो. जहाज लांबलं की टोमॅटोचा भाव वाशी मार्केटची आठवण काढायला लावतो.

९ ला सकाळी एर्नाकुलम. त्या दिवशी विमान घेऊ नका. कोकण रेल्वे दोन-चार तास उशिरा येऊ शकते आणि विमान थांबत नाही. एक रात्र कोचीत काढली.

१० तारखेचं विमान एटीआर, पंख्याचं, दीड तासाच्या आत. अगत्तीची धावपट्टी जेमतेम १२०० मीटरची, दोन्ही बाजूंना पाणी. धावपट्टी आखूड म्हणून विमानाच्या वजनावर कडक नजर असते, आणि कधीकधी माणसं पुढे जातात, बॅग मागे राहते. आमची एक राहिली, दुसऱ्या दिवशी आली. म्हणून एक जोडी कपडे, पोहायचे कपडे, औषधं आणि परमिटच्या प्रती हातातल्या पिशवीत ठेवा. खिडकी मिळाली तर उतरण्याआधीची पाच मिनिटं मोबाइल खाली ठेवून बघा. निळा रंग अचानक फिका हिरवा होतो आणि मध्ये पांढऱ्या फेसाची रेघ असते. ती रीफ, म्हणजे पोवळ्यांचं कडं. भूगोलाच्या पुस्तकातलं कंकणद्वीप आणि खारकच्छ वरून असं दिसतं.

उतरल्यावर परमिट दाखवायचं, मग पोलिसांकडे नोंद. यजमान बरोबर येतात, वीस मिनिटांत संपतं. इथे कागदपत्रं संपतात.

बेट लांबलचक आणि चिंचोळं. दक्षिणेकडे तर इतकं अरुंद की रस्त्यावर उभं राहून दोन्हीकडचा समुद्र दिसतो. पश्चिमेला शांत लगून, पूर्वेला रीफ किनाऱ्याला चिकटलेली आणि लाटा. पोहायचं ते पश्चिमेला. पूर्वेला फक्त सूर्योदय बघायचा. भाड्याच्या सायकली मिळतात, दोघांना त्या पुरतात. कपड्यांचं भान हवं: ही माणसांची गावं आहेत, पोहायच्या कपड्यांवर रस्त्याने चालत जायचं नाही. वर एक पंचा किंवा कुर्ता घातला की झालं.

पहिल्या दिवशी काहीच ठरवू नका. चोवीस तास रेल्वे आणि वर विमान झाल्यावर शरीर हलत असतं. आम्ही दुपारभर माडाखाली झोपलो, संध्याकाळी गुडघाभर पाण्यात बसून सूर्यास्त बघितला. रेखांश जवळपास आपलाच, त्यामुळे सूर्य बुडतो तोही आपल्याच वेळेला, साडेसहा-पावणेसातला.

स्नॉर्केलिंग दुसऱ्या दिवशी सकाळी. मास्कचं थोडं सांगतो, कारण निम्म्या लोकांचा दिवस इथेच वाया जातो. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलकेच श्वास ओढा. तो चिकटून राहिला तर माप बरोबर. पट्टा करकचून आवळल्याने पाणी थांबत नाही, उलट कड दुमडून जास्त येतं. मिशी असेल तर पाणी मिशीतूनच शिरतं: वरच्या ओठावर व्हॅसलिनचा जाड थर द्या, किंवा आठवड्यापुरती मिशी काढा. (घरात यावर मतभेद झाले. व्हॅसलिन जिंकलं.) काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून एकदाच खळबळून टाकायची. ओंगळ वाटतं, पण बेबी शॅम्पूच्या थेंबाइतकंच काम करतं. आणि पाय: पोवळ्यावर उभं राहायचं नाही, दमलात तर पाठीवर तरंगा.

मग खाली बघायचं. अगत्तीच्या लगूनमध्ये हिरवी कासवं समुद्री गवत चरतात. गायीसारखी मान खाली घालून ओढून ओढून खातात, मध्येच श्वासाला वर येतात. त्यांच्या आणि पृष्ठभागाच्या मध्ये जायचं नाही, बाजूने लांब राहायचं. मालवण-तारकर्लीला पाण्याखाली गेलेल्यांना इथली दृश्यमानता चक्रावून टाकेल. तळाची वाळू न् वाळू दिसते. मात्र फोटोंतले रंगीत पोवळ्यांचे बगीचे सगळीकडे मिळतील ही आशा नको. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये पाणी तापून पोवळी पांढरी पडली. कित्येक ठिकाणी राखाडी सांगाडेच दिसतात. मासे आहेत, कासवं आहेत, पण हेही दिसतं, आणि बघून जीव थोडा खट्टू होतो.

१२ ला स्कुबा. पहिल्यांदाच करणाऱ्यांना १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. आधी तब्येतीचा फॉर्म: दमा, रक्तदाब, कानाचं ऑपरेशन यातलं काही असेल तर खरं लिहा, सर्दी असेल तर त्या दिवशी जाऊच नका. कान दुखतात ते दाबामुळे. नाक चिमटीत धरून हलकं फुंकायचं, तेही दुखायच्या आधी, प्रत्येक मीटरला. दुखायला लागल्यावर फुंकलं तर उघडत नाही, थोडं वर यावं लागतं. स्कुबानंतर लगेच विमानात बसायचं नसतं. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून एका बुडीनंतर निदान १२ तास आणि जास्त बुड्या असतील तर १८ तास थांबतात. परत जहाजाने यायचं असल्याने आम्हाला हा हिशोब करावा लागला नाही.

१३ ला बंगारम-तिन्नकरा. बोट इतर तिघांबरोबर वाटून घेतली. ओहोटीची वेळ आदल्या रात्री यजमानांना विचारली, कारण पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लगूनमधून बाहेर पडायची वाट बोटवाला भरती बघूनच ठरवतो. तिन्नकराच्या वाळूवर सावली नावाला नाही. छत्री, दोन लिटर पाणी आणि टोपी घ्या.

१४ फेब्रुवारी, म्हणजे तो ‘डे’, नेमका शुक्रवारी आला. जुम्म्याच्या नमाजला दुकानं बंद, रस्ता रिकामा. दुपारी घरातच जेवण: ट्यूनाची आमटी, भात, खोबरं. इथे गळ आणि काठीने एकेक ट्यूना ओढून काढतात, जाळं टाकून नव्हे. तो उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवला की ‘मास’ होतो, लाकडासारखा कडक. किसून खोबऱ्याबरोबर खातात. आपल्या सुक्या बोंबलाच्या चटणीची सवय असलेल्याला दोन घासांत कळतं. थोडा विकत आणला, तीन पिशव्यांत गुंडाळूनही बॅगेला वास लागलाच.

पाणी जपून वापरा. बेटावर गोडं पाणी म्हणजे जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. २०११ पासून अगत्तीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प आहे: पृष्ठभागाचं कोमट पाणी कमी दाबात वाफ करायचं आणि खोल समुद्रातल्या थंड पाण्याने ती वाफ थंड करायची. तरी ते मोजूनच मिळतं. समुद्रातून आल्यावर एक बादली, शॉवर नाही.

जहाजाचं आता. वेळापत्रक फार आधी जाहीर होत नाही, तिकीट यजमानांच्या मदतीने जानेवारीअखेर मिळालं. अगत्ती ते कोची अंतर ४५९ किलोमीटर. सगळ्यात स्वस्त बंक क्लास, वर केबिनचे वर्ग. दोघांसाठी केबिन घ्या, रात्र पाठ टेकून जाते. परतीचं विमान रद्द झालं तर बेटावर अडकायला होतं, म्हणून येताना जहाज घेतलं. जहाजही लांबू शकतं, म्हणून कोचीहून पुढची गाडी ते पोहोचण्याच्या दुसऱ्या दिवशीची ठेवली.

१५ ला दुपारी धक्क्यावर सामानाची तपासणी झाली. पोवळं, मेलेलं असलं तरी, वन्यजीव कायद्याखाली येतं. शंखांचंही तसंच समजा. आमच्या रबरी बुटाच्या तळात बोटाच्या पेराएवढा पोवळ्याचा तुकडा रुतून बसला होता. तपासणाऱ्याने बूट उलटा करून तो नखाने काढला आणि बाजूच्या डब्यात टाकला, डब्यात असे पुष्कळ होते. तुम्ही बूट आधीच झटका.

जहाज रीफच्या बाहेर उभं होतं. छोट्या बोटीतून त्याच्या अंगातल्या दारापाशी नेतात. बोट लाटेबरोबर चार फूट वर, चार फूट खाली. दोन खलाशी दोन्ही दंड धरतात आणि बोट सगळ्यात वर आली की एकच शब्द बोलतात. तेव्हाच पाय टाकायचा, आधी नाही, नंतर तर नाहीच. हात रिकामे हवेत, बॅग ते देतात. मोबाइल हातात धरून शूटिंग करू नका. बोट लागणाऱ्यांनी गोळी चढायच्या तासभर आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

१६ ला सकाळी कोचीत विलिंग्डन बेट, १७ ला नेत्रावती, १८ ला दुपारी पनवेल. दोघांचा खर्च असा: दोन्ही वेळची रेल्वे थर्ड एसी आठ हजारांच्या आत, जातानाचं विमान तेरा हजार, जेवणासह होमस्टे दिवसाला पाच हजार, स्कुबा आठ हजार, बंगारमची बोट पाच, जहाज पाच, कोचीतल्या दोन रात्री पाच, परमिटचे ५००, पोलिसांचं शुल्क, झेरॉक्स आणि फोटो. सत्तर हजारांच्या आसपास गेलं. सुट्ट्यांच्या दिवसांत विमान आणि होमस्टे, दोन्ही वाढतात. पीसीसीची पीडीएफ अजून मोबाइलमध्ये आहे, पण पुन्हा जायचं झालं तर ती नव्याने काढणार.